बर्फाखालच्या गाळातला पराग तिथलाच कशावरून? वणीकडच्या एका विद्यार्थ्याला उत्तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. वणीजवळच्या एका गावातला बी.एस्सी. फायनलचा मुलगा, बॉटनीवाला, त्यानं वाचलं की अंटार्क्टिकाजवळच्या समुद्रतळाच्या गाळात ताडाच्या आणि काटेसावरीच्या कुळातले परागकण सापडले म्हणून तिथं कधीकाळी जवळपास उष्ण कटिबंधासारखं जंगल होतं. त्याचं म्हणणं, पराग तर वाऱ्यानं कुठून कुठं जातो, मग तो तिथलाच होता हे काहून मानायचं? आणि शेवटी विचारलंय की हे काम शिकायचं असेल तर गावात राहून काही सुरुवात होते का. घरापासून जवळच कोळशाच्या खाणीचे ढिगारे आहेत, त्यातल्या दगडांवर पानांचे ठसे दिसतात, हेही त्यानं जाता जाता लिहिलंय, आणि ते लय कामाचं आहे, त्यावर पुढं येतो.

भाऊ, तू शंका नेमकी जिथं घ्यायला पाहिजे तिथंच घेतली. माझं निम्म्याहून जास्त आयुष्य मायक्रोस्कोपखालचे परागकण पाहण्यात गेलं आणि मी तुला सरळ सांगतो, गाळात पराग सापडणं हे मोठं काम नाही, पराग सापडतोच. तो कुठला, कधीचा, आणि त्या जागी पोचला कसा, हे ठरवण्यातच आमचा सगळा वेळ जातो. बातमीत फक्त शेवटचं वाक्य येतं, "अंटार्क्टिकावर जंगल होतं", आणि मधली सगळी खटपट गायब होते, म्हणून वाचणाऱ्याला वाटतं की या लोकांनी एक कण पाहिला आणि जंगल उभं केलं.

आधी तो टिकतो कसा ते. परागाच्या बाहेरच्या कवचात स्पोरोपोलेनिन नावाचा पदार्थ असतो, सजीवांनी बनवलेल्या सगळ्यात चिवट पदार्थांपैकी एक. आतला जिवंत भाग काही दिवसांत जातो पण कवच कोट्यवधी वर्षं राहतं, आणि त्यावरची जाळी, काटे, छिद्रं, खाचा जशाच्या तशा राहतात, त्यावरूनच आम्ही ओळखतो. त्याला मारतो तो ऑक्सिजन, आणि वारंवार ओलं-सुकं होणं. म्हणून तुझ्या वावरातली काळी माती आणून पाहिलीस तर हाती फारसं लागणार नाही. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, हवा आत जाते, पावसाळ्यात माती फुगते, वरचं खाली आणि खालचं वर होतं, त्यात पराग सडतो आणि चुकून टिकला तरी कोणत्या काळचा ते सांगता येत नाही. ध्रुवाकडच्या खोल तळ्याचा किंवा समुद्राचा तळ याच्या उलट, पाणी थंड, ऑक्सिजन बऱ्याच ठिकाणी कमी, गाळ शांतपणे थरावर थर बसतो आणि वर्षानुवर्षं कोणी हलवत नाही. अर्थात सगळीकडे नाही, जिथं हिमनदीनं दगडधोंडे घासत आणून टाकलेत तिथं तर पाहायलाच नको.

लॅबमध्ये काय होतं ते पटकन सांगतो. चमचा-दोन चमचे गाळ घ्यायचा, हायड्रोक्लोरिक ॲसिडनं चुना घालवायचा, हायड्रोफ्लुओरिक ॲसिडनं वाळू आणि चिकणमाती विरघळवायची (हे ॲसिड काच खातं, म्हणून भांडी प्लास्टिकची, आणि कातडीवर पडलं तर आत हाडापर्यंत जातं, म्हणून हे घरी किंवा कॉलेजच्या साध्या लॅबमध्ये कधीच करायचं नाही, कोणी कितीही म्हणो), मग बारीक चाळणीतून गाळून, जड द्रवात तरंगवून, शेवटी जो काळपट थेंब उरतो तो स्लाइडवर. त्यात एक युक्ती असते ती लक्षात ठेव. सुरुवातीलाच लायकोपोडियम नावाच्या वनस्पतीच्या बीजाणूंची गोळी टाकतात, एका गोळीत किती हजार बीजाणू आहेत ते आधीच मोजलेलं असतं. मायक्रोस्कोपखाली आपला पराग आणि गोळीतले बीजाणू दोन्ही मोजले की त्या गाळात एकूण पराग किती होता याचा हिशेब निघतो.

हा हिशेब काहून पाहिजे? कारण टक्केवारी ध्रुवाकडे लय फसवते. समज एका उघड्याबोडक्या टुंड्राच्या (ध्रुवाकडचा झाडं नसलेला थंड प्रदेश) तळ्यात तू पराग मोजले आणि त्यात निम्मे पाईनचे निघाले. तू म्हणशील, अरे इथं तर पाईनचं जंगल. पण होतं काय, की तिथली बुटकी झुडपं आणि मॉस पराग फारच थोडा देतात, आणि पाईनच्या परागाला दोन हवेच्या पिशव्या असतात, तो शेकडो किलोमीटर उडत येतो. स्थानिक माल कमी म्हणून बाहेरचा माल टक्केवारीत मोठा दिसतो. आकडा खरा असतो, अर्थ चुकीचा. म्हणून एका चौरस सेंटीमीटरवर वर्षाला किती पराग पडला ते काढावं लागतं. जंगलात तो आकडा हजारांत जातो, टुंड्रात काहीशे किंवा त्याहूनही कमी. पाईन निम्मा असूनही परागाचा एकूण पाऊस जर किरकोळ असेल तर ते जंगल नाहीच.

१९१६ साली लेनार्ट फॉन पोस्ट नावाच्या स्वीडिश माणसानं दलदलीच्या थरांतल्या परागांची टक्केवारी मांडून दाखवली तिथून ही विद्या सुरू झाली असं मानतात, आणि तेव्हापासून वाऱ्याचा हा प्रश्न सोबतच आहे. आम्ही त्यावर उपाय म्हणून आजचा पराग मोजतो. आज अंटार्क्टिकावर फुलं येणाऱ्या वनस्पतींच्या फक्त दोन जाती आहेत, एक गवत आणि एक छोटी उशीसारखी वनस्पती, आणि त्या पण द्वीपकल्पाच्या बाजूला. म्हणजे आपलं मैत्री स्टेशन जिथं आहे त्या शिर्माकर भागातल्या मॉसच्या गादीत आज कोणत्याही झाडाचा पराग मिळाला तर तो शंभर टक्के बाहेरून आलेला. भारतीय शास्त्रज्ञांनी तिथलं मॉस आणि तिथल्या तळ्यांचा गाळ तपासलेला आहे, आणि असा परदेशी पराग मिळतो, पण विरळ. हे विरळपण म्हणजेच आमची मोजपट्टी. जुन्या थरात पराग त्या मानानं कितीतरी पट दाट मिळाला, अनेक जातींचा मिळाला, आणि काही ठिकाणी कणांचे गठ्ठेच्या गठ्ठे मिळाले, तर वारा हे उत्तर पुरत नाही. गठ्ठा महत्त्वाचा, कारण फुलातून सुटा न झालेला पराग जड असतो, तो झाडाखालीच पडतो, नाहीतर जवळच्या ओढ्यानं वाहून येतो.

आता तुझ्या काटेसावरीकडे. होळीच्या आधी तुमच्या धुऱ्यावर ती फुलते तेव्हा तिच्यावर किती पाखरं येतात ते तू पाहिलंच असशील, मैना, कावळे, बुलबुल, रात्री वटवाघळं. त्या फुलाला वाऱ्याची गरजच नाही, पराग चिकट आणि जड, पाखरांच्या डोक्याला लागून जातो. या कुळातल्या झाडांचा पराग वाऱ्यानं समुद्र ओलांडून भरपूर जमा होणं कठीण. म्हणून तुझ्या शंकेला पहिलं उत्तर हेच की प्रत्येक पराग सारखा उडत नाही. पाईन, बर्च, आल्डर, गवत हे उडणारे, त्यांच्याबाबत मी पण तुझ्याएवढाच संशयी असतो. काटेसावरीच्या कुळातला कण दिसला की संशय बराच कमी होतो.

तू वाचलेलं संशोधन २०१२ साली छापून आलं. २०१० मध्ये पूर्व अंटार्क्टिकातल्या विल्क्स लँडच्या किनाऱ्यापासून दूर, सुमारे ४ किलोमीटर खोल पाण्याखाली, तळात सुमारे १ किलोमीटर खोल भोक पाडून तो गाभा, म्हणजे थरांचा नळीसारखा उभा नमुना, काढला होता. साधारण ५.३ कोटी वर्षांपूर्वीच्या थरांत दोन वेगळ्या जंगलांचा माल एकत्र मिळाला, किनाऱ्यालगतच्या सखल भागातलं ताड आणि काटेसावर कुळाचं जंगल, आणि आतल्या उंच थंड भागातलं नोथोफॅगस, म्हणजे दक्षिणेकडच्या बीचचं जंगल. दोन्ही नद्यांनी वाहून समुद्रात आणलं. आणि संशोधक फक्त परागावर विसंबून राहिले नाहीत, त्याच गाळात मातीतल्या जिवाणूंच्या चरबीचे रेणू होते, त्यांची रचना मातीच्या तापमानाप्रमाणे बदलते, त्यावरून काढलेलं तापमानही उबदारच आलं. त्याहून नव्या थरांत, ४.९ कोटी वर्षांच्या इकडे, ताड-काटेसावर जवळपास संपतात आणि नोथोफॅगसच उरतो. वाऱ्यानं उडून आलेला कचरा असता तर तो असा हवामानाच्या तालावर आला-गेला नसता.

यापेक्षाही पक्का पुरावा मला एका दुसऱ्या गाभ्याचा वाटतो. २०१७ मध्ये पश्चिम अंटार्क्टिकाच्या आमुंडसेन समुद्रात जर्मन जहाजानं तळातून एक गाभा काढला, साधारण ९ कोटी वर्षांपूर्वीचा, आणि त्यात परागासोबत जुनी माती आणि तीत जागच्या जागी रुतलेली मुळांची जाळी होती. मुळं उडत येत नाहीत. ती जागा तेव्हा सुमारे ८२ अंश दक्षिणेला होती, म्हणजे वर्षाचे चार महिने रात्रच, तरी तिथं शंकूधारी झाडं आणि वृक्षनेचे असलेलं दलदलीचं वर्षावन होतं आणि वार्षिक सरासरी तापमान १२-१३ अंश सेल्सिअस निघालं. चार महिने सूर्य नाही आणि जंगल हिरवं, हे मला अजूनही वाचताना थांबवतं. एवढी ऊब तेव्हा टिकायला हवेत कार्बन डायऑक्साइड ११०० पीपीएमच्या (दहा लाख भागांत तेवढे भाग) वर लागतो असं त्यांच्या मॉडेलवरून आलं, आज आपण ४२० च्या वर आहोत.

आता दुसरा भामटा, आणि तो वाऱ्यापेक्षा जास्त त्रास देतो. जुन्या थरातून उकरून आलेला पराग. तुमच्याकडे विहीर खोदली की चाळीस फुटांखालचा मुरूम वर येऊन पडतो, आणि दोन-चार पावसाळ्यांनी तो वावरात पसरतो, आता कोणी वरवर माती उचलून पाहिली तर त्याला वाटेल हाच मुरूम सगळ्यात नवा. हिमनदी हेच काम खंडाएवढ्या मापावर करते. ती खालचा खडक खरवडते, त्यातले कोट्यवधी वर्षांचे पराग मोकळे होतात आणि कालच्या चिखलात जाऊन बसतात.

आणि इथं तुझे ठसेवाले दगड येतात. जिभेच्या आकाराचं पान, मधोमध ठळक शीर, दोन्ही बाजूंना जाळीदार शिरा, असा ठसा असेल तर ते ग्लॉसोप्टेरिस असण्याची दाट शक्यता आहे. वणी, चंद्रपूर, उमरेड, कामठी, हा सगळा कोळसा पर्मियन काळातला, २५ कोटी वर्षांहून जुना, आणि तो मुख्यतः याच झाडांच्या दलदलीतून बनला. तेव्हा आपला भाग आणि अंटार्क्टिका एकाच गोंडवनखंडात होते. १९१२ साली स्कॉट हा ब्रिटिश मोहीमवीर आणि त्याचे साथीदार दक्षिण ध्रुवावरून परतताना बिअर्डमोर हिमनदीजवळ थांबले, दगड गोळा केले, आणि पुढं सगळे बर्फात मेले, पण जवळपास १६ किलो दगड त्यांनी शेवटपर्यंत ओढत आणले होते. शोधपथकाला त्यांच्यासोबत ते दगड मिळाले, आणि १९१४ मध्ये त्यातलं पान ग्लॉसोप्टेरिसचं असल्याचं छापून आलं. तुझ्या गावाजवळच्या ढिगाऱ्यात जे पान आहे त्याच्याच गोताचं.

या झाडाचा परागही आम्हाला चांगला ओळखीचा. दोन पिशव्या, आणि मधल्या अंगावर आडवे पट्टे. अंटार्क्टिकाभोवतीच्या समुद्रतळाच्या कितीतरी नव्या थरांत हा पट्टेवाला पराग सापडतो. म्हणजे तेव्हा तिथं ग्लॉसोप्टेरिस होतं? नाही, ते झाड तर कधीच संपलेलं. बर्फानं खालचा कोळशाचा खडक खरवडला एवढंच. पट्टेवाला सोपा असतो कारण तो नामशेष झाडाचा आहे, अवघड जातं ते नोथोफॅगससारख्यांचं, जो ८ कोटी वर्षांपूर्वीही होता आणि दीड कोटी वर्षांपूर्वीही होता. तिथं आम्ही रंग बघतो. खोल गाडला जाऊन तापलेला पराग पिवळ्याचा नारिंगी, मग तपकिरी, शेवटी काळा होतो. एकाच स्लाइडवर फिकट पिवळे आणि गडद तपकिरी कण शेजारी असतील तर ते एका काळचे नाहीत. अतिनील प्रकाशात टाकले तरी चमक वेगळी दिसते. हे करूनही काही कण संशयितच राहतात, ते मोजणीतून बाहेर ठेवावे लागतात, आणि ज्यांना आकडा मोठा दाखवायची घाई असते ते हे करत नाहीत, म्हणून पेपर वाचताना उकरून आलेल्या परागाचं काय केलं हा परिच्छेद मी सगळ्यात आधी शोधतो. एलिझाबेथ ट्रसवेल या ऑस्ट्रेलियन बाईंनी तर याच गोष्टीचा उलटा उपयोग करून घेतला, उकरून आलेले पराग किनाऱ्याभोवती कुठं कोणते मिळतात ते पाहून बर्फाखाली कोणत्या काळाचे खडक लपलेत याचा अंदाज बांधला. मला हे काम फार आवडतं.

"कुठला" सुटला तरी "कधीचा" सुटतोच असं नाही. त्याच बिअर्डमोरच्या बाजूला, ध्रुवापासून जेमतेम ५०० किलोमीटरवर, हिमनदीच्या गाळात बुटक्या नोथोफॅगसची पानं, काड्या आणि पराग सगळं एकत्र मिळालंय. झुडूप तिथंच वाढलं यात वाद नाही. पण वय? काहींनी त्या गाळातल्या समुद्री डायटमवरून (काचेसारख्या कवचाची सूक्ष्म शेवाळं) सुमारे ३० लाख वर्षं सांगितलं, म्हणजे अंटार्क्टिकाचा बर्फ अगदी अलीकडे मोठ्या प्रमाणात वितळला होता असा अर्थ निघतो. दुसऱ्यांनी म्हटलं, डायटम वाऱ्यानं उडून वर येऊन पडलेत, गाळ त्याहून कितीतरी जुना आहे. कित्येक वर्षं दोन्ही बाजूंनी भांडण चाललं. बघ, वाऱ्याचा प्रश्न तू परागाला विचारला, तिथं तो डायटमला विचारावा लागला. म्हणून आम्ही एका घड्याळावर थांबत नाही, चुंबकीय दिशेचे बदल, ज्वालामुखीची राख, सूक्ष्मजीवांचे क्रम, असे दोन-तीन पुरावे जुळले तरच वय लिहितो.

आर्क्टिकची गोष्ट थोडी वेगळी, तिथं भोवती जमीन आहे, जंगल जवळ आहे, त्यामुळं वाऱ्याचा त्रास जास्तच. तरी २००४ साली लोमोनोसोव्ह रिज या समुद्राखालच्या डोंगररांगेवर, उत्तर ध्रुवाच्या जवळ, बर्फफोड्या जहाजांच्या मदतीनं जो गाभा काढला त्यानं आमच्या क्षेत्रातल्या सगळ्यांना हलवून सोडलं. ५.३ कोटी वर्षांच्या आसपासच्या एका उष्ण झटक्याच्या थरात ताडाचा पराग मिळाला. ताडाचा शेंडा एकच असतो, तो गोठला की झाड मेलं, म्हणून सगळ्यात थंड महिन्याची सरासरी साधारण ५ अंशांच्या खाली गेली की ही झाडं आपसूक उगवून टिकत नाहीत. संशोधकांनी तिथला हिवाळा ८ अंशांच्या वर मांडला. ध्रुवाजवळचा हिवाळा!

आणि त्याच गाभ्यात वर, ४.९ कोटी वर्षांच्या सुमाराला, अझोला. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या बांधीत जी टाकतात, गाई-म्हशींना चारतात, तीच अझोला, म्हणजे तिचीच पूर्वज. थरामागून थर तिच्या बीजाणूंनी भरलेले, सुमारे ८ लाख वर्षं. ही तरंगती वनस्पती खाऱ्या पाण्यात राहत नाही, म्हणून आर्क्टिक समुद्रावर तेव्हा गोड्या पाण्याचा थर साचत होता असं मानावं लागतं. नद्यांनी लांबून वाहून आणली नसेल कशावरून? कारण मोठे बीजाणू आणि त्यांना आकड्यांनी चिकटलेले लहान बीजाणूंचे पुंजके एकत्रच मिळाले, प्रवासात ते सुटे झाले असते. आपल्या नागपूरच्या उत्तरेला सौसर भागात, दख्खनच्या लाव्ह्याच्या दोन थरांमधल्या गाळात, पुरावनस्पतिशास्त्रज्ञ बिरबल साहनींच्या कामात अझोलाचा जीवाश्म नोंदवलेला आहे, तो तर याहूनही जुना.

मला व्यक्तिशः सगळ्यात भरवशाचं वाटतं ते एल्गिगित्गिन तळं, रशियाच्या अगदी पूर्वेला चुकोटकात. आपल्या लोणारसारखंच उल्का पडून झालेलं, पण ३६ लाख वर्षं जुनं, आणि नशीब असं की त्यावर हिमनदी कधी चढलीच नाही, त्यामुळं कोणी खरवडलं नाही, उकरलं नाही. २००९ च्या हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर यंत्र उभं करून संशोधकांनी ३०० मीटरपेक्षा जास्त गाळ काढला. आज भोवती टुंड्रा आहे, झाड नाही, पण ३६ ते ३४ लाख वर्षांपूर्वीच्या थरांत स्प्रूस, फर, लार्च, हेमलॉक यांचं दाट जंगल परागात दिसतं, उन्हाळा आजच्यापेक्षा सुमारे ८ अंश गरम. तेव्हा हवेतला कार्बन डायऑक्साइड ४०० पीपीएमच्या आसपास, म्हणजे जवळपास आज आपण पोचलोय तेवढाच. हे वाचून मला झोप लागत नाही असं म्हटलं तर लोकांना अतिशयोक्ती वाटते, पण पऱ्हाटी आणि सोयाबीन पावसाच्या एका आठवड्यावर जगतात अशा भागातला मी माणूस आहे, हवामान कुठवर जाऊ शकतं हे त्या गाळात लिहिलेलं आहे आणि ते मला गंभीर वाटतं.

ग्रीनलँडच्या दक्षिणेच्या समुद्रातलाही एक गाभा आहे, त्यात सुमारे ४ लाख वर्षांपूर्वी स्प्रूसचा पराग एकदम वाढलेला दिसतो, म्हणजे तिथला बर्फ तेव्हा बराच मागं सरकून जंगल आलं होतं. आणि उत्तर ग्रीनलँडच्या काप कोबेनहाव्न इथल्या २० लाख वर्षांच्या गाळातून २०२२ मध्ये वनस्पतींचा डीएनए काढला गेला, डीएनए परागासारखा लांबून उडत येऊन साचत नाही, म्हणून तो आमच्या परागाची उलटतपासणी करतो. पुढचं काम या जोडीतूनच होईल असं मला वाटतं.

परागापासून थेट अंशापर्यंत जाताना मात्र सांभाळून. पद्धत अशी की जुन्या पराग-समूहातल्या प्रत्येक झाडाचा आज जिवंत असलेला सगळ्यात जवळचा नातेवाईक घ्यायचा, तो किती थंडी-उष्णता सोसतो ते पाहायचं, आणि सगळ्यांचं जिथं जमेल ती पट्टी काढायची. पण ५ कोटी वर्षांपूर्वीची काटेसावर-कुळातली झाडं आजच्यासारखीच नाजूक होती का? चार महिन्यांच्या रात्रीत राहणारं असं जंगल आज पृथ्वीवर कुठंच नाही, मग तुलना कोणाशी? शिवाय जास्त कार्बन डायऑक्साइडमध्ये झाडांचं पाण्याचं आणि थंडीचं गणितही बदलतं. म्हणून "तिथं कडक दंव पडत नव्हतं" या वाक्यावर मी पैज लावीन, "तापमान अमुक पूर्णांक अमुक अंश" यावर लावणार नाही.

आता गावात काय करता येईल. अरे, भरपूर. लॅबची ॲसिडं विसर, तुझ्या कॉलेजात ४०० पट मोठं दाखवणारा मायक्रोस्कोप असेलच. पहिलं काम संदर्भ-स्लाइडचं. मी स्वतः अजून ओळख पटवताना ताज्या फुलाच्या स्लाइडशीच ताडून पाहतो. कळी उमलायच्या बेतात असताना परागकोष घे, स्पिरिटमध्ये झटक, बसलेला पराग ग्लिसरीन जेलीत थोडा सॅफ्रानिन (लाल रंग) टाकून स्लाइडवर ठेव. काटेसावर, पळस, मोह, बाभूळ (हिचे कण सुटे नसतात, घट्ट गठ्ठ्यानं येतात, बघून आनंद होईल), एरंडी, तूर, पऱ्हाटी (मोठा, काटेरी), ज्वारी, मका आणि बांधावरचं कोणतंही गवत. ज्वारी, मका आणि गवत शेजारी ठेवून बघ, तिघांचाही कण गोल, एकच छिद्र, फरक मुख्यतः आकाराचा, तिथं तुला कळेल की गवताच्या कुळात जात ओळखणं आम्हाला काहून जमत नाही.

दुसरं, जे अंटार्क्टिकावर करतात तेच तू कर. जुन्या विहिरीच्या कठड्यावर किंवा नाल्याच्या सावलीतल्या दगडावर मॉस असतं, त्याची छोटी गादी काढ, पाण्यात कुस्कर, बारीक कापडातून गाळ, ते पाणी उभं ठेवून खाली बसलेला गाळ स्लाइडवर घे. घाण दिसेल, पण परागही दिसेल. मग त्या जागेपासून साधारण अर्धा-एक किलोमीटरात कोणती झाडं किती आहेत त्याची यादी कर आणि दोन्ही शेजारी ठेव. पळस शंभर असतील आणि स्लाइडवर एकही नसेल, गवत दिसेल भरपूर, आणि एखादा कण असा असेल की तसं झाड तुझ्या पंचक्रोशीत नाही. तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर तुला माझ्या लिहिण्यापेक्षा त्या यादीतून जास्त पटेल.

ढिगाऱ्यावर एकटा चढू नको, ते खचतात, आणि खाणीची हद्द असेल तर विचारल्याशिवाय दगड उचलू नको. ठशाचा फोटो काढताना बाजूला पट्टी किंवा नाणं ठेव. पुढं शिकायचं असेल तर लखनौची बिरबल साहनी पुराविज्ञान संस्था या विषयाचं भारतातलं मुख्य ठिकाण, आणि ध्रुवावर जायचं असेल तर गोव्यातलं राष्ट्रीय ध्रुवीय व महासागर संशोधन केंद्र. बॉटनीसोबत थोडं भूशास्त्र शिक, नुसत्या बॉटनीवाल्याला उकरून आलेला पराग लवकर लक्षात येत नाही. आणि घरच्या जवळचंच पाहायचं असेल तर लोणारच्या तळातून सुमारे १० मीटरचा गाभा काढून गेल्या ११ हजार वर्षांच्या मान्सूनचा अभ्यास झालेला आहे, त्यात ४६०० ते ३९०० वर्षांपूर्वीचा एक लांबच लांब कोरडा काळ दिसतो, तो पेपर मिळवून वाच.

मॉसचे नमुने शक्यतो होळीनंतर लगेच आणि परत दिवाळीच्या आसपास, असे दोन वेळा घे, आणि प्रत्येक पाकिटावर तारीख, जागा, आणि नजरेत आलेली झाडं तिथंच उभं राहून लिही, घरी येऊन नाही. काही अनोळखी कण दिसला तर दोन बाजूंनी फोटो काढून पाठव, एकदा वरच्या कवचावर फोकस करून आणि एकदा मधोमध, एकाच फोटोवरून मला नक्की काही सांगता येत नाही.